चार तास अकरा मिनिटं

फाईलचं नाव नुसती तारीख : सतरा फेब्रुवारी.
त्या रात्री वूचमध्ये उणे चौदा होतं.
गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावरचा हीटर
भाडं थकवलेल्या माणसासारखा गप्प,
आणि यागोदा हातमोज्यांची बोटं कापून
ऑर्गन वाजवत होती.

आता जून आहे. खिडकी उघडी.
मी एकटीच बसलेय कातरायला.

या मजल्यावर पूर्वी कापड मोजायचे.
फरशीत अजून पितळी खुणा आहेत, दर मीटरला एक,
त्यातल्या एकीवर माझ्या ड्रमचा पाय टेकतो.
बोगुमिलची मावशी इथेच कटाईला होती.
म्हणायची म्हणे, कात्री लावण्याआधी
ठाण एकदा पुरतं उलगडून बघावं,
डाग नेमका शेवटच्या वारात असतो.

म्हणून सगळं ऐकलं. दोनदा.
पहिली चाळीस मिनिटं नुसती जुळवाजुळव,
चौघं एकाच दारातून एकदम निघाल्यासारखे.
मग एक सापडतं. लय एकशे आठ.
ते उचलून नव्या प्रोजेक्टमध्ये ठेवते,
नाव देते 'ओली काडी'.
दुसरं 'शेवटची ट्राम'.
तिसऱ्याला काही सुचत नाही, राहू दे तिसरंच.

प्रत्येकाला थोडी शेपूट जास्त ठेवते,
झांज विझेपर्यंतची.
झांज फार सावकाश विझते.
वाजवताना हे कळत नाही,
तेव्हा आपण पुढच्या ठोक्याच्या घाईत असतो.

जे कशातच बसत नाही,
किटलीची शिट्टी, तार तुटल्यावर वीतॉल्दची शिवी,
वीजबिल कोण भरणार यावरची सहा मिनिटं
(त्यातही कुणीतरी पायाने ताल धरलाय),
ते एका फोल्डरमध्ये. नाव : चिंध्या.

आणि मग दोन तास सदतीस मिनिटं.

इथे एका गाण्याचं दुसरं होतं
आणि शिवण दिसत नाही.
लाटा ताणत नेते,
एक सेकंद पडद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत.
तेव्हा ऐकू येतं, फक्त बेसच्या ट्रॅकवर :
टर्र टर्र, टर्ररर.
फोन ॲम्पजवळ राहिला की येतं ते.
मेसेज दिसण्याच्या जरा आधी येतं.

त्यानंतर चार आवर्तनं बेस नाही.

तेव्हा वाटलं होतं, वा, काय जागा सोडली पठ्ठ्याने!
मी नुसत्या कडेवर वाजवत राहिले,
यागोदाने एक सूर धरून ठेवला
कुणासाठी दार धरून ठेवावं तसा.
पाचव्याला तो समेवर आला,
पण खाली, दुसऱ्याच सुरात,
आणि आम्ही काही न विचारता त्याच्यामागे उतरलो.
त्या चोवीस मिनिटांहून चांगलं
आम्ही कधी वाजवलेलं नाही.

नॉर्वेची नोकरी. भर समुद्रातल्या पवनचक्क्या.
आम्हाला सांगितलं त्याने एप्रिलमध्ये.

वूच म्हणजे आमच्या भाषेत होडी.
गावात नदी मात्र दिसत नाही,
रस्त्यांखाली घातल्यात सगळ्या.
लहानपणी आम्ही गटाराच्या जाळीला कान लावायचो,
तो म्हणायचा ऐकू येतेय, मी म्हणायचे नाही.

तर कुठे कापू?
टर्रच्या आधी, तर गाणं त्या मेसेजने सुरू होतं.
नंतर, तर आधीचं त्याने संपतं.
रात्रभर ती रेघ मागेपुढे सरकवली.
खाली दूधवाल्याची गाडी आली तेव्हा
आधीच कापलं. चौथं गाणं.
तिघांनाही पाठवलं.

दुपारी त्याचं उत्तर, बोटीवरून :
'चौथं झकास!
सुरुवातीला कसलीशी खरखर आहे,
तेवढी काढ.'

काढली. तीन सेकंदांचं काम.
मूळ फाईलला हात लावला नाही.
चौथ्याचं नाव अजून ठरायचंय.
वीजबिल शेवटी मीच भरलं.