पत्रातली भोकं

जोतिरामदादाची पत्रं तासगावहून यायची
बाजाराच्या दिवशी, गफूर कासाराच्या बांगड्यांच्या पेटीतून,
हिरव्या काचेची भुकटी घडीत अडकलेली.

बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला तो एकटाच.
तो गेल्यावर घरात वाचणारा मी. तिसरीतला.
आई चुलीपुढून उठायची, हात पुसायची,
डोक्यावरचा पदर नीट करून समोर बसायची,
जणू मीच पलटणीतून आलोय.

पत्राला भोकं असायची.
साहेबाच्या कात्रीनं गावाचं नाव नेलेलं,
नदीचं नेलेलं, कधी अख्खी ओळ,
आणि मागच्या पानावरचं बिचारं निरुपद्रवी वाक्यही
त्याच भोकातून गेलेलं.
"काल आम्ही" आणि मग खिडकी.
खिडकीतून आईचा गुडघा दिसायचा.

"थांबलास का रं?"

मग मी थांबेनासा झालो.
काल आम्ही… उसाचा रस प्यालो.
आमचं विमान… आपल्या कडब्याच्या गंजीएवढं.
इथं रोज रात्री… भजन असतं, मी टाळ धरतो.
दादानं जन्मात टाळ धरला नव्हता.

एक जागा मात्र कुणी कापली नव्हती:
"माझी बैठक मागं तोंड करून आहे.
बाजारातनं येताना गाडीच्या मागं पाय सोडून बसायचो, तशी.
पुढचं चालवणाऱ्याला ठाऊक.
मला नुसतं लांब जाणारं दिसतं."

तार अकरा दिवस उशिरा आली.
चळवळीतल्या आमच्याच पोरांनी तारा तोडल्या होत्या,
येरळेच्या वाळूत दोन खांब आडवे.
त्यातल्या एकावर मीही नाचून आलो होतो.
अकरा दिवस तो आमच्या घरात जिवंत राहिला.
तार मास्तरांनी वाचली.
मला इंग्रजी येत नव्हतं,
आणि तारेत कुठं भोकही नव्हतं.

उन्हाळ्यात खोकं आलं. दोन बनियन, फाउंटन पेन,
काच फुटलेलं घड्याळ,
त्रेचाळीस रुपये अकरा आणे. पावतीवर आईचा अंगठा.
आणि एक निळी वही: तारीख, विमान, काम, तास.
शेवटची ओळ दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
खाली बेरीज. दोनशे बारा तास, चाळीस मिनिटं.
पाटीवर मी भागाकार केला,
नऊ दिवसही पुरते भरत नव्हते.
आई म्हणाली, "एवढंच व्हय आभाळ?"

पुढं कितीतरी वर्षं ती पत्रं काढायला लावायची.
मी काय भरलं होतं ते मीच विसरलेलो,
भोकाशी अडखळायचो.
"रस प्यालो," ती सांगायची. "म्होरं वाच."

मला चष्मा लागला त्या वर्षी धीर केला.
आई, हे त्यानं लिहिलेलं नाही.
ती तांदूळ निवडत होती. सूप थांबलं नाही.
"मला अक्षर कळत न्हाई, बाबा. भोक दिसतंय की."

शेवटच्या पत्राच्या शेवटी आहे,
"आईला सांग," आणि कात्री.
मागच्या बाजूला कुठल्या धावपट्टीचं नाव असणार, बस्स.
ते मला नवव्या वर्षीही भरता आलं नाही.
तिथं आलो की ती पत्र माझ्या हातातून घ्यायची,
भोकात करंगळी घालायची,
आणि बोट नीट बसतंय ना, एवढंच बघायची.