रिकाम्याचं माप

जुलै उजाडायच्या आत परवाना नवा करून घ्यायचा:
अर्ज, ताळेबंद, जामीनपत्र, विम्याचा दाखला,
आणि कोठारांत किती बुशेल मावतं
त्या पायरीप्रमाणे शुल्क.
मावतं त्याचं. असतं त्याचं नव्हे.

लिओटा शाउअर हे मला दरवर्षी ऐकवायची,
जणू नियम मीच रात्र जागून लिहिला.
"उत्तरेकडचं कोठार चार वर्षं उघडलंसुद्धा नाही.
कबुतरं राहतात तिथं. त्यांचंही मीच भरू?"
भर, म्हणायचो मी.
कबुतरं अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

मी राज्याचा तपासनीस. बिस्मार्कहून तीन तास,
वाटेत फक्त कुंपणं आणि वारा.
गाडीत लाखेचे शिक्के, नमुन्याची पितळी नळी,
आणि लांब फितीच्या टोकाला बांधलेला ओळंबा.
एका माणसापुरत्या पाळण्यातून वर जायचं,
झाकण सरकवायचं, ओळंबा अंधारात सोडायचा.
फीत सैल पडली की समजायचं,
टेकला गव्हाला.

गहू कुणी मोजत नाही.
मोजायचं ते वरचं रिकामं,
आणि एकूणातून वजा करायचं.
सव्वीस वर्षं मी पोकळीवर पोट भरलं.

मग खाली येऊन पावत्या.
त्यांतली एक कायम तशीच, कडा पिवळ्या:
एनोक ट्वेट, ड्युरम गहू, दोनशे बारा बुशेल,
साल अठ्ठ्याऐंशी, दुष्काळातलं.
"भाव चढला की येतो" म्हणून गेला लिओटाच्या बापापाशी.
भाव तीनदा चढला.
त्याचे दाणे केव्हाच मालगाडीतून डुलुथच्या धक्क्यावर,
तिथून कुणाकुणाच्या शेवयांत.
पण कोठाराचा धर्म असा की
हा दाणा कुणाचा ते विचारायचं नाही,
त्या प्रतीचा, तेवढा, मागेल तेव्हा द्यायचा.
दरवर्षी त्याचे दोनशे बारा बुशेल
तिनं गल्ल्याच्या किल्लीसारखे जपले.

यंदा अर्ज आला नाही.
आलं ते पत्र: परवाना परत करते आहे,
गुडघे, शिवाय पलीकडच्या गावातली सोसायटी.
परवाना परत करायचा तर एकही पावती बाकी नको.

ट्वेटची नात सापडली मायनॉटला. ओडेल नावाची. शाळेची बस चालवते.
फोनवर म्हणाली, किती पोती?
पोती नाहीत गं, ट्रक लागेल.
बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज.
मग: "तुमच्याकडेच राहू दे ना आणखी थोडे दिवस."
"राहिलं असतं," लिओटा म्हणाली,
"पण आता दुसऱ्याचं धान्य ठेवून घेतलं
तर हा समोर बसलेला माणूस मला कोर्टात उभं करील."

तेव्हा आजच्या भावानं चेक.
मी घसा खाकरला. साठवणीचं भाडं?
दरपत्रक सगळ्यांना सारखं लावावं लागतं,
आणि इतक्या वर्षांचं लावलं
तर उलट त्या पोरीकडूनच येणं निघतं.
लिओटानं चेक फाडून पाकिटात घातला.
"भाड्याच्या रकान्यात कबुतरं लिही."

मी काय लिहिलं ते दप्तरात आहे.

भिंतीवरून चौकट उतरवली;
सर्वांना दिसेल अशा जागी लावावी, असा नियम,
मागे रंग अजून कोवळा, पिस्त्याच्या सालीसारखा.
शेवटची तपासणी म्हणून मी वर गेलो.
ओळंबा सोडला. फीत जातच राहिली,
हाताला सवयीची ती नरम टेक लागेना,
आणि मग तळातून लोखंडाचा आवाज
सावकाश वर चढत आला.

"किती?" खालून तिची हाक.
मी आकडा सांगितला, फूट आणि इंच.
"म्हणजे सगळंच रिकामं."
हो.
"बरं झालं मोजलंस," ती म्हणाली,
"शुल्क तुम्ही याचंच तर घेत होतात."