जोखमीची रक्कम

गुरुवारी भोसरीत लेथ बंद असतात
म्हणून मी गुरुवारीच गेले.
शेडमध्ये कूलंटचा आंबूस वास,
स्टुलावर कालचा पेपर, त्यावर माझं रंगीत माहितीपत्रक
आणि त्याच्या कोपऱ्यावर लगेच उमटलेला
तुळशीराम फुग्यांचा ग्रीसचा अंगठा.
म्हणाले, सांगा.
पण गिऱ्हाइकाला सांगता तसं नको.

मग सांगितलं.
वर्षाला साठ हजार.
त्यातले थोडे कंपनी आधीच ठेवून घेते,
त्या थोड्यातले थोडे माझे. तेही सांगितलं.
उरलेल्याची युनिटं.
त्यांचा भाव रोज वेगळा, तुमच्या बारच्या भावासारखा,
फक्त इथे घासाघीस करायला समोर कुणी नसतं.
पाच वर्षं हात लावायचा नाही.
आणि तुम्ही गेलात तर
सहा लाख, किंवा फंडात असेल ते,
दोन्हींतलं जास्त.

'गेलात तर' म्हणताना मी पेनाला टोपण लावते.
बारा वर्षांची सवय.

"आणि हे दर महिन्याला युनिटं कापणं कसलं?"
मॉर्टॅलिटी चार्ज.
"म्हणजे मी मेलो नाही, त्याचं भाडं?"

ट्रेमधली लोखंडाची कुरळी बर त्यांनी बोटाभोवती गुंडाळली.
जॉब करायचा तर बर सांडणारच, म्हणाले,
पण किती सांडली ते मी मोजतो.

मी माहितीपत्रक उलटं केलं.
वर सरळ रेघ: सहा लाख.
खाली वाकडी: तुमचा फंड.
मधल्या फटीची जोखीम कंपनीची,
भाडं तेवढ्याच फटीचं.
खालची रेघ चढली की फट बारीक, भाडं कमी.
टेकली वरच्या रेघेला, तर भाडं नाही.
मग तुमच्या मरणाला तुमचेच पैसे.

"बाजार पडला तर?"
फट वाढते.
पैसे कमी होतात त्याच महिन्यात
मरण महाग होतं.

खिशातून व्हर्नियर काढून
त्यांनी माझ्या हातच्या चित्रातली फट मोजली.
अकरा पॉइंट चार.
बराच वेळ जबडे तसेच धरून ठेवले.

हिंजवडीतला मुलगा फोनवर म्हणाला,
बाबा, टर्म वेगळा घ्या, फंड वेगळा.
बरोबरच म्हणाला तो. मी गप्प बसले.
फोन ठेवून फुगे म्हणाले,
वेगळं ठेवलं तर दुसऱ्याच वर्षी मोडून
मी सेकंडहँड मिलिंग घेईन.
मी ओळखतो मला.

नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं
आणि जन्मतारखेला अडले.
घरी फोन लावला, तारीख विचारली.
कशाला, ते नाही सांगितलं.

सहा वर्षं दिवाळीला त्यांच्याकडून
चिवड्याचा पुडा येतो. पुड्यालाही मशीनचा वास.
मग एकदा सकाळी, बाजार आठवडाभर कोसळत असताना, फोन:
"मॅडम, आधी एकशे पासष्ट कापत होते.
आता दोनशे चौऱ्याऐंशी."
आवाजात तक्रार नव्हती. काय होतं, ते नीट कळेना.
मी म्हटलं, स्विच करू या, डेटमध्ये?
"छे. चालू कटात टूल बदलत नाहीत.
पण हिला सांगा जरा. माझं ऐकत नाही.
म्हटलं, एवढा महाग मी लग्नातसुद्धा नव्हतो."

फोन बाईंच्या हातात गेला.
किती म्हणालात?
मी आकडा सांगितला.
पलीकडे थोडा वेळ नुसता हिशेब.
"दिवसाला साडेनऊ रुपये," त्या म्हणाल्या.
"असू दे."

मागे लेथ चालू होता.
म्हणजे गुरुवार नव्हता.