वाढत्या अंगाचं

लिटलटनच्या शाळेतल्या जिममध्ये
ऑक्टोबरातल्या एका शनिवारी
जुन्या हिवाळ्यांचा बाजार भरतो.
बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं,
त्यांवर बूट, बकलांचे दात विचकून,
आणि भिंतीला टेकून स्की, जोडीजोडीनं,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारख्या.

शाल्मली अकराची. यंदा झेंड्यांमधून उतरणार,
छातीवर नंबर लावून, घड्याळाशी भांडत.
तिचा पाय साडेबावीस.
मी साडेचोवीसचे उचलते.
दोन मोजे घालेल की, दोन हिवाळे निघतील.

थिबोडो म्हातारा हसत नाही.
बुटाच्या आतलं मऊ अस्तर उपसतो,
नुसत्या कवचात तिचं पाऊल ठेवायला लावतो,
बोटं पुढे टेकव म्हणतो,
आणि टाचेमागे स्वतःची बोटं सारतो.
तीन जातात. वर हवा.
"पाय आधी बोलेल, बूट मागाहून ऐकेल.
तोवर झेंडा गेलेला असेल."

आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं.
तिसरीत घेतलेले कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस.
श्रीरामपूरच्या मैदानावर
शंभर मीटरमध्ये उजवा मागेच राहिला.
मी पुढे गेले. चौथी आले.
पाचवीत ते मापाचे झाले,
तेव्हा अंगठा बाहेर आला होता.

हे मी त्याला सांगत नाही.
तो तिला गुडघा पुढे दाबायला सांगतो.
पहिला बूट हूं की चूं करत नाही, मोठ्यांचा आहे.
दुसरा तिच्या पस्तीस किलोंना
जेमतेम मान लववतो. हा.
मग स्की: डोक्याच्या वर जाणाऱ्या मी उचललेल्या
तो निमूटपणे परत भिंतीला लावतो,
नाकाशी येणारी जोडी काढतो
आणि कडेवर अंगठ्याचं नख ओढतो.
पांढरा भुगा पडतो.
"धार आहे अजून."

स्कीवर पट्टी, पट्टीवर नाव: हॅना पेलटिए.
शाल्मली ती खरवडत नाही.
खाली जागा आहे का, तेवढं बघते.

गाडीत फोन वाजतो, श्रीकर रात्रपाळीहून:
मोठे घेतलेस ना?
मागच्या सीटवर ती बूट घालूनच बसलीय,
बकलं एकेक खाच आवळतेय.
दुखतंय का गं?
थोडं, म्हणते. आणि आणखी एक खाच.

फोन पुन्हा वाजतो.
मी गाडी सुरू करते.