शहाण्णव खळगे

प्लॅस्टिकची ताटली, शहाण्णव खळगे.
आठ आडव्या ओळी, बारा उभ्या.
पहिले पाच कुणाचेच नाहीत,
ते तपासणीची तपासणी.
बाकी प्रत्येकात एका बाईचं थेंबभर पाणी,
रक्त थिजून खाली बसलं की वर उरतं ते.

मे महिना. कूलरमधली खस वाळून काड्या झाली आहे.
बाहेर डांबर चपलेला चिकटतंय.
मी घड्याळाकडे बघत उभी.
तीस मिनिटं. मग आम्ल. मग रंग.
विषाणू नसेल तिथे पाणी ते पाणीच.
असेल तिथे हळद लागलेल्या बोटासारखं पिवळं.

आज तीन.

मोठ्या मॅडमना प्रमाण हवं आहे:
शहरातल्या आया किती तपासल्या,
किती जणींच्या रक्तात कावीळ ब,
आणि त्यातली लेकरात किती उतरली.
मी फॉर्म भरते.
रक्त चढवलं होतं का कधी? दात काढला होता?
गोंदण आहे?

फुलवंता उईके बाही वर सारते.
कोपराखाली विंचू, विंचवाभोवती चार ठिपके.
"रामटेकच्या जत्रेत गोंदणारीन बसली होती नं बाई.
एकच सुई. आमी सात पोट्ट्या.
रडली कोनीच नाही."
मी लिहिते: होय.
सात पोरींना फॉर्मवर जागा नाही.

"सासूनं माहं ताट येगळं केलं," ती म्हणते.
मी सांगते, ताटानं होत नाही, गिलासानं होत नाही,
एका खाटेवर निजल्यानं होत नाही.
ती मान हलवते, पण तिला दुसरंच विचारायचं असतं.
पदराआड पोरगं चुळबुळतंय.
"मंग दूध? पाजू का नोको?"
पाज, म्हणते मी. जन्मल्या दिवशीच
त्याला दोन्ही मांड्यांत दोन सुया दिल्यात. पाज.
दिवसभरात माझ्या तोंडून
'अंदाजे' न लावता निघालेला हा एकच शब्द.

मग जाता जाता दाराशी थांबून:
"माह्यावानी अजून किती जनी हायेत?"
शंभरात दोन-तीन असतील, मी सांगते.
ती बोटांवर काहीतरी मोजते.
"मंग त्या दोघी कुठं बसतात?"

त्या तुझ्याच बाकावर बसल्यात, फुलवंता.
डावीकडची मोमिनपुऱ्याची अफसाना,
तुझ्या पोराचं पडलेलं टोपडं जिनं मघाशी झटकून दिलं.
पलीकडची गोळीबार चौकातली तिलोत्तमा पराते,
जी दर पाच मिनिटांनी म्हणते,
"काय बाप्पा ऊन हे."
तिघींनी एकाच बाटलीतलं पाणी वरून प्यायलं,
आणि तिघींनाही वाटतंय
आपण एकटीच.
मला सांगता येत नाही.
गुप्तता पाळीन म्हणून सही केली आहे मी,
निळ्या शाईत, तारखेसकट.

मार्चमध्ये लेकरांची ताटली लावली.
तेच घड्याळ, तेच आम्ल.
शेवटच्या ओळीत शेजारीशेजारी तीन खळगे.
दोन पाणी.
तिसऱ्याकडे मी बराच वेळ बघत राहिले,
मशीननं आकडा छापून कागद बाहेर ढकलला तरी.
दोन्ही सुया वेळेवर दिल्या होत्या. नोंद आहे.
कधीकधी तरीही उतरतं, असं पुस्तकात आहे.
पुस्तकात किती टक्के तेही आहे.

अहवालाचा चौथा तक्ता मीच टाइप केला.
बाळाचं नाव मला ठाऊक आहे,
त्याला दोन दात आलेत तेही.
तक्त्यात ते दशांश चिन्हाच्या
उजवीकडे जाऊन बसलं.

बाहेर बाक भरला आहे.
या वेळी तिघी आपणहून शेजारी बसल्यात,
कशा कोण जाणे.
फुलवंता अफसानाच्या पोरीला मांडीवर घेऊन
विंचू दाखवते आहे,
पोरगी नखानं तो खरवडून काढू बघते.

माझ्या हातात तीन लिफाफे आहेत.
दार अर्धं उघडून मी उभी,
आधी कुणाला हाक मारू?