पाहा

दोन पुस्तकांची प्रुफं एकाच दिवशी आली,
नारायण पेठेत, एकाच रिक्षानं.
एक, दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहती, खंड तिसरा,
अकरा वर्षं उशिरा.
दुसरं, आशियातल्या सामायिक नद्या : वाटप आणि विकास.
हे वेळेवर, कारण अनुदानाला मुदत होती.
दोन्हींची सूची मी करते.
पानाला नऊ रुपये. प्रकाशक आठ म्हणतो.

सूची करणारीनं पुस्तक वाचायचं नसतं,
नुसतं टिपायचं.
कालवा, ४१, ४४.
कुंभ, पाहा दफन.
मासे, पाहा मेकाँग.
मेकाँग, २०३ ते २३१.
एकेका शब्दाला एकेक कार्ड,
कार्डं बाटाच्या खोक्यात.

खापरांची रेखाटनं कुडचेकाकांची.
डावीकडे काप, उजवीकडे बाहेरची नक्षी,
मधे एक उभी रेघ, केसाएवढी.
ती ओढताना ते श्वास धरायचे,
चहा गार व्हायचा.
बोटभर काठ मिळाला तरी
अख्ख्या मडक्याचा घेर काढता येतो म्हणायचे,
आणि चष्मा पुसत,
"माणसांचं तेवढं येत नाही."
खंड निघायच्या आत गेले.
आभारांत नाव आहे त्यांचं, कुडाळे असं छापलेलं.
ते मी दुरुस्त केलं. त्याचे पैसे धरले नाहीत.

पान ११८.
घर क्रमांक सात, चुलीपासून दोन हातांवर
जमिनीखाली दोन कुंभ, तोंडाला तोंड लावून आडवे.
आत दोनेक वर्षांचं मूल, आणि एक वाटी.
दाराबाहेर एवढी मोकळी जागा असून
घरातच का, हे लेखात नाही.
मी लिहिलं :
दफन, गृहांतर्गत, बालकांचे, ११८.
आणि उठून खिडकी लावून घेतली, उगाच.

दोन्ही पुस्तकांचं खोकं एकच, हा माझा आळस.
म्हणून ह-च्या गठ्ठ्यात
एकाच नावाची दोन कार्डं लागली.
हिंगणसाल, ९ ते ३१०.
हिंगणसाल, परिशिष्ट सहा.
तिकडे तीनशे पानं,
इकडे तक्त्यातली अर्धी ओळ :
कुटुंबे २१२. क्षेत्र पूर्णतः बाधित. पुनर्वसन अंशतः.

ओगलेबाईंना फोन लावला.
"बाई, हे गाव तेच?"
"तेच. घाईनं खणलं आम्ही. पाणी यायचं होतं ना.
शेवटच्या आठवड्यात तर कंदील लावून."
"आणि माणसं कुठं गेली?"
पलीकडे जरा शांतता.
"कुठली माणसं विचारतेस? आमची,
की ती जी आम्हाला भाकरी द्यायची?"
कुठली, ते मलाही सांगता आलं नाही.

संध्याकाळी नदीकडून भोंग्याची गाडी फिरली.
खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आहे,
पात्रातल्या गाड्या काढून घ्याव्यात.
भिडे पुलावर दोरी बांधली.
लकडी पुलावर लोक कठड्याला रेलून
फोटो काढत उभे,
एक जण मक्याचं कणीस खात म्हणाला,
चला, पाणी गेलं कर्नाटकाला.

पण लगेच नाही जात ते.
संगमावर मुळा भेटते, खाली भीमा,
आणि मग परवा-तेरवा कधीतरी
आपल्या सगळ्या मोऱ्यांसकट
ते जाऊन थांबतं एका जलाशयात,
तिथं तळाशी घर क्रमांक सात.
त्यानंतर त्याचे टीएमसी होतात,
टीएमसीचे वकील होतात,
वकिलांचे खंड, खंडांच्या सूच्या.

रात्री एक कार्ड केलं, कोणी सांगितलं नव्हतं.
मुठा, पाहा हिंगणसाल.

मुठा दोन्ही पुस्तकांत एकाही पानावर नाही.
प्रकाशक कार्ड काढून टाकील, आणि बरोबरच करील.
ते मी म-मध्ये लावलंय,
मासे आणि मेकाँगच्या मधे कुठंतरी.