अर्धा लिटर

पहाटे उठून मी आधी त्याचं पाणी मोजते.
निळ्या झाकणाची बाटली, तिच्यावर नेलपॉलिशची रेघ.
रेघेपर्यंत भरली की झालं,
नासारिओचा आजचा दिवस एवढाच ओला.

त्यातून गोळ्यांचे चार घोट वजा.
पेजेचं पाणी वजा.
कलिंगडाची फोड म्हणजेसुद्धा पाणीच, नर्स एलोदिया सांगते,
आणि हा भिंतीकडे तोंड करून बसतो
कलिंगड चोरल्यासारखा.
चोरलंच होतं.
मंगळवारी चिनान्देगाच्या दवाखान्यात
तिनं काट्यावर त्याचं पाणी जोखलं,
तीन किलो शंभर जास्त.
रागावली नाही. म्हणाली,
"आज दोन नासारिओ आलेत, एक नुसता पाण्याचा."

तिनंच सांगितलं होतं, यंत्राच्या नळ्या जोडता जोडता,
की आपण सगळेच निम्म्याहून जास्त पाणी.
रक्तात असतं हे कळतं,
पण दातांत? हाडांत?
हाडांतही, ती म्हणाली,
आणि नळीतला बुडबुडा टिचकी मारून घालवला.

सतरा हंगाम त्यानं ऊस तोडला.
रात्री पेटवलेला फड सकाळी पायाखाली अजून गरम,
काजळी पापण्यांवर, काजळी थुंकीत.
मजुरी टनावर.
पाण्याची टाकी फडाच्या पार त्या टोकाला,
जाऊन येईपर्यंत शेजारचा दोन ओळी पुढे.
संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा,
रोज वेगळ्या देशाचा.
मी तो ओढ्यावर धुवायचे.
किती मीठ गेलं त्या ओढ्याला,
किती नासारिओ.

लघवी काळी झाली तेव्हा हसला होता,
"बाई, यंदा कॉफीचं पीक आलं."
आत राजम्याचे दोन दाणे सुकत चालले होते.
मुठीएवढे असतात म्हणे. त्याचे लिंबाएवढे उरले.

आता गालात बर्फाचा एक खडा घेऊन
तो ओसरीवर बसतो, ज्वालामुखीच्या धुराकडे बघत,
खडा जिभेनं न हलवता.
कधी चूळ भरतो आणि थुंकण्याआधी
जरा जास्तच वेळ थांबतो.
तेव्हा मी दुसरीकडे बघते.
बायकोनं सगळंच मोजू नये.

नोव्हेंबरात विल्मर फडावर जायला लागला.
एकोणीस वर्षांचा, बापाचाच कोयता, मूठ नवी.
दोनशे कोर्दोबा देऊन मी पाच लिटरचा कॅन घेतला,
खिशात मीठ-साखरेच्या पुड्या कोंबल्या.
"मुकादम हसतो, आई."
हसू दे. त्याची मूत्रपिंडं सावलीत असतात.

काल तो परतला. मी कॅन हलवला.
आतून डचमळलं.
निम्म्याहून जास्त तसंच.

काही बोलले नाही. माठाजवळ त्याला उभं केलं,
एक पेला, दुसरा, तिसरा,
पाणी हनुवटीवरून छातीवर सांडतंय,
घशाची घाटी वर जाते, खाली येते.
मग त्याला ओसरीवरचा बाप दिसला
आणि लाजून त्यानं पाठ फिरवली.

नासारिओनं बर्फाचा खडा गालात सरकवला.
"फिरू नकोस," म्हणाला,
"इकडे तोंड करून पी."